अनंत चतुर्दशीची सभा

निरुपमावहिनींनी आपल्या सख्ख्या नवऱ्याला कंपनीच्या सभेची नोटीस दिली, ती सकाळच्या पोह्यांबरोबर. डावीकडे बशी, उजवीकडे नोटीस आणि नोटिशीवर पेन.

"सही करा. मिळाली म्हणून."

शरच्चंद्र खोपकरांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "अगं, एका घरात राहतो आपण. तोंडी सांगितलंस तरी चालेल ने?"

"घरात तुम्ही माझे नवरे. कंपनीत तुम्ही सदस्य. सदस्याला तोंडी सांगून चालत नाही."

समोर बसलेला धाकटा दीर माधव पोटातल्या पोटात हसत होता. त्याची सही आधीच झाली होती, तीही फाटकात, स्कूटर नीट स्टँडवर लागायच्या आत. शरच्चंद्रांनी सही ठोकली आणि पोहे गार झाले म्हणून कुरकुर केली. वहिनींनी दुसरी प्रत फायलीत लावली, पोहे परत गरम करून दिले आणि स्कूटी काढून त्या पाणीगेटला निघाल्या. दिनकरकाका आणि अहल्याकाकू, या राहिलेल्या दोन सदस्यांना नोटीस द्यायची होती. पोस्टाने पाठवली असती तरी कायद्याला पुरलं असतं, पण वहिनींना पुरलं नसतं ना!

आता तुम्हाला वाटेल, अशी केवढी ही कंपनी! छे हो. खोपकर गॅस्केट्स प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतली मागच्या रांगेतली एक शेड. तिथं रबराच्या आणि टेफ्लॉनच्या चकत्या कापतात. केमिकल कारखान्यात दोन पाइप जिथं जोडले जातात तिथं ही चकती बसते, म्हणजे आतलं ॲसिड बाहेर ठिबकत नाही. एवढंच काम. पण ते काम माधवनं आपल्या तरुणपणापासून केलं होतं, आणि शेडमधले कामगारही त्याच्याबरोबरच पिकले होते. थोरल्या अण्णांनी पहिलं मशीन आणलं तेव्हा ते उतरवून घ्यायला उभा असलेला सुभानराव अजून त्याच मशीनवर होता.

अण्णा म्हणजे शरच्चंद्र आणि माधवचे वडील. खोपकरांच्या मागच्या पिढ्या गायकवाडी कचेऱ्यांत कारकुनी करत आल्या, त्यामुळे कागद नीट लावायचा म्हटला की अण्णांच्या अंगात यायचं. कंपनी काढली तेव्हा त्यांनी शेअर वाटले ते घरातच: स्वतःला, दोन मुलांना, धाकट्या भावाला म्हणजे दिनकररावांना, आणि दिनकररावांच्या बायकोला, कारण तिच्या माहेरच्या ओळखीनं शेडची जागा मिळाली होती. सुनांना शेअर द्यायचे असतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्या काळी कुणाच्या येत होतं?

कायदा असा की दर वर्षी सप्टेंबर संपायच्या आत सदस्यांची सभा भरायला हवी. तिथं वर्षाचा हिशेब मंजूर करायचा आणि तो अहमदाबादला कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे भरायचा. छोट्या कंपनीला दोन सदस्य समोरासमोर बसले की सभा झाली. याला म्हणायचं कोरम. एक जरी कमी पडला तरी सभा नाही. अण्णांनी यावर एक झकास तोड काढली होती. सभा अनंत चतुर्दशीला सकाळी, गोत्रीच्या राहत्या बंगल्यात, गणपतीसमोर! सगळी भाऊबंदकी तशीही विसर्जनाला जमलेलीच असायची. अधिक महिना येवो न येवो, गणपती सप्टेंबर संपायच्या आत येऊन जातोच. हिशेबाची वही देवापुढे ठेवायची, नारळ वाढवायचा, आरती, मग ठराव, मग वालाचं बिरडं आणि घारगे. बडोद्यात असल्या कंपन्या पैशाला पासरी आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या सभा फक्त कागदावर भरतात. अण्णांची सभा मात्र खरीखुरी भरायची आणि बिरड्यावर संपायची.

पण त्यातूनच घोटाळा झाला, आणि असला घोटाळा खोपकरांच्याच घरात व्हायचा. एका वर्षी हरतालिकेच्या दिवशी अण्णाच गेले. सुतक आलं, गणपती बसला नाही. पुढच्या वर्षी शरच्चंद्रांना नातू झाला तो नेमका चतुर्थीच्या आदल्या दिवशी. सोयर आलं, पुन्हा गणपती नाही. गणपती नाही म्हणून कोणी जमलं नाही, कोणी जमलं नाही म्हणून सभेची कुणाला आठवण झाली नाही. माधव म्हणायचा दादा बघत असेल, दादा म्हणायचा माधव बघत असेल. दोघंही बघत होते ते गणपतीची वाट!

मग रजिस्ट्रारची नोटीस आली. कंपनीचं नाव नोंदीतून का खोडू नये ते कळवा. माधव ती नोटीस पुन्हा पुन्हा वाचत बसला. नाव खोडलं की बँकेचं खातं गोठतं, मोठे कारखाने माल घेत नाहीत, शेडला कुलूप. सुभानरावाला काय सांगायचं? देव बसला नाही म्हणून तुझी नोकरी गेली?

तेव्हा निरुपमावहिनींनी पदर खोचला. तीस-पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, आणि एक पायरी गाळून उत्तर काढणारी मुलं त्यांनी आयुष्यभर बाकावर उभी केली होती. "फायली इकडे आणा, माधवभाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या. कायद्याचं पुस्तक आणलं, पहिल्या पानापासून वाचलं. अहमदाबादला खेटे घातले. मागची दोन्ही वर्षं दंड भरून निस्तरली आणि रजिस्ट्रारच्या कचेरीत स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की यंदापासून कंपनीची सभा मुदतीत होईल. तिथल्या साहेबांनी विचारलं, कंपनीत तुम्ही कोण? वहिनी म्हणाल्या, "कोणी नाही. म्हणून तर मला वेळ आहे."

माधवला तेव्हापासून या बाईचं भारी कौतुक. नुसतं सभेचंच नाही हो. फॅक्टरीचं लायसन, प्रदूषण मंडळाची परवानगी, व्यवसाय कर, कशाकशाची तारीख कधी येते ते त्यांना तोंडपाठ. शेडमध्ये आल्या तर आधी आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघायच्या, मग चहा घ्यायच्या. पूर्वी कुणी इन्स्पेक्टर आला की माधव कागद शोधत सुटायचा. आता तो खुर्ची पुढे करून म्हणायचा, "बेसो ने साहेब, बधुं तैयार छे." आणि सगळं खरंच तयार असायचं.

पोह्यांबरोबर नोटीस दिली त्या वर्षी अधिक आषाढ आल्यामुळे गणपती उशिरा आले. अनंत चतुर्दशी सप्टेंबरच्या अगदी शेवटाला टेकलेली. तरी बसत होतं. नोटिसा गेल्या, हिशेब तयार झाला, गणपती थाटात बसला. वहिनींनी वाल भिजवायचा दिवससुद्धा ठरवून टाकला.

आणि गौरी गेल्या त्याच दिवशी पाणीगेटहून फोन आला. दिनकरकाका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

सगळं घर तिकडे धावलं. शेजारच्या उदयसिंहरावांनी येऊन खोपकरांचा गणपती उचलला आणि आपल्या हातानं विसर्जन केलं. हॉलमध्ये नुसतं मखर उरलं, तेही कुणाला काढून ठेवायला सुचलं नाही.

काकांचं सगळं करून मंडळी गोत्रीला परतली, तेव्हा शरच्चंद्र म्हणाले, "सभेचं आता राहू दे."

वहिनी थबकल्या. "राहू दे म्हणजे?"

"सुतक आहे, निरुपमा. ते संपायच्या आत पितृपक्ष लागतोय. ती सभा अण्णांनी देवापुढे सुरू केली. देव घरात नाही, काका गेलेत, आणि आपण ठराव करत बसायचं? मी नाही बसणार."

"सभा म्हणजे सत्यनारायण नव्हे. तिला सुतक कसलं? आणि त्या दिवशी कोरम झाला नाही तर सभा आपोआप आठवड्यानं पुढे जाते. म्हणजे ऑक्टोबरात."

"मग मुदत मागून घे."

"ज्या हातानं लिहून दिलं त्याच हातानं मुदत मागू?"

शरच्चंद्र खडूस माणूस नव्हते. पण काकांच्या अंगाखांद्यावर वाढलेले होते, आणि दुःख झालं की माणूस नियम घट्ट धरून बसतो, तसे बसले होते. माधवला दोघांचंही पटत होतं, आणि त्यामुळे त्याची फार पंचाईत झाली होती.

त्यानं हिशेब बघणाऱ्या जिग्नेशभाईंना फोन लावला. त्यांना त्यात काहीच अडचण दिसली नाही. "अरे माधवभाई, टेन्शन शुं ले छे? मीटिंग थई गई एम लखी नाखो. दोनों भाई साइन करो. कोण जोवा आवे छे?"

माधवनं ते घरात सांगितलं. शरच्चंद्रांचा चेहरा जरा मोकळा झाला. "हे बरं. आण कागद, करतो सही. झाली म्हणून लिहून टाका."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आवाज चढला नव्हता, पण वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा होता.

"सुतकात सभा चालत नाही, आणि खोटं चालतं?"

शरच्चंद्र उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

माधव वहिनींच्या मागे स्वयंपाकघरात गेला. "वहिनी, दादा नाही तर काकू. त्याही सदस्य आहेत. मी आणि काकू, झाला कोरम. मी जाऊन बोलू का?"

"खबरदार!" वहिनी गर्रकन वळल्या. "ज्या बाईचं कुंकू पुसून आठवडा झाला नाही, तिच्या दारात तुम्ही कोरम मागायला जाणार? कंपनी बुडाली तरी चालेल मला."

पण ते चालणार नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. माधवला एकदम भरून आलं. या बाईच्या नावावर एक शेअर नाही, तिला कुणी पगार देत नाही. खोटं लिहायचं नाही आणि विधवेला त्रास द्यायचा नाही, असे दोन्ही दरवाजे तिनं स्वतःच बंद करून घेतले होते, आणि आता उरला होता फक्त तिचा नवरा. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

त्या रोज डबा घेऊन पाणीगेटला जात राहिल्या. काकूंना बळेबळे चार घास भरवायच्या, शैलाला, म्हणजे काकूंच्या मुलीला, आवराआवरीत हात लावायच्या आणि परत यायच्या. सभेचा एक शब्द तिथं काढला नाही. नवऱ्यालाही पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही. हे न विचारणं शरच्चंद्रांना जड जात होतं, ते माधवला कळत होतं; रात्री बायकोपाशी तो हेच सगळं बोलत बसायचा.

अनंत चतुर्दशी उजाडली. सगळ्या बडोद्यात ढोल वाजायला लागले. वहिनींनी सकाळीच हॉल झाडून घेतला, रिकामं मखर भिंतीला सरकवलं आणि खुर्च्या मांडल्या. मधल्या टेबलावर हिशेब, हजेरीचा कागद, पाण्याचा तांब्या. बाहेर फाटकावर कंपनीच्या नावाची पाटी होती, ती ओल्या फडक्यानं पुसली. माधव एका खुर्चीवर जाऊन बसला.

"वहिनी, मी दोन खुर्च्यांवर बसून बघू का?" त्यानं उगाच विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "हजेरीवर सही करा. वेळ झाली."

त्यानं सही केली. खाली दुसऱ्या सहीची जागा कोरी. कायद्यानं अर्धा तास वाट बघायची असते. माधवला आपल्या शेडची आठवण यायला लागली, सकाळी शटर वर करताना होणारा तो कर्कश आवाजसुद्धा आठवला आणि गोड वाटला. वहिनी दारापाशी उभ्या होत्या, कारण त्या सदस्य नव्हत्या. आतल्या खोलीतून कॉट करकरल्याचा आवाज आला. दोघांनी तिकडे बघितलं. दार उघडलं नाही.

फाटक मात्र वाजलं.

शैलाची स्कूटी आत आली, आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून अहल्याकाकू बसलेल्या. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर, एका हातात अंगठा तुटलेली चप्पल. वहिनी पायऱ्या उतरून पळतच गेल्या.

"काकू! अहो, तुम्ही कशाला…"

"ऐकलंच नाही हो वहिनी हिनं," शैला धापा टाकत म्हणाली. "मांडवी बंद, न्यायमंदिर बंद, जिथं तिथं पोलीस आणि ट्रॅक्टर. गल्लीबोळांतून आणलीय. एका ठिकाणी तर उतरून चालत आली."

"नोटीस आली होती ने मला?" काकू म्हणाल्या. "तूच आणून दिलीस. यायचं नव्हतं तर दिलीस कशाला?"

"काकू, मी तुम्हाला बोलावलं नाही. देवाशपथ. मी कुणालाही तुमच्याकडे…"

"ठाऊक आहे. रोज येऊन भात कालवून भरवत होतीस आणि तोंडातून चकार शब्द नाही. मला काय दिसत नव्हतं? शैलाला माधवच्या बायकोनं फोनवर सगळं सांगितलंय. हात दे, पायरी उंच आहे तुमची."

आवाज ऐकून आतलं दार उघडलं. शरच्चंद्र बाहेर आले आणि जागच्या जागी उभे राहिले. "काकू, तुम्ही? घराबाहेर? अजून तर दहावाही…"

"शरद." काकू खुर्चीवर बसल्या आणि पदर नीट केला. "तुझे काका गेले. माझा नवरा गेला. सुतक तू मला शिकवू नकोस."

शरच्चंद्रांनी मान खाली घातली.

"ते गेले त्याचं मी आयुष्यभर रडणारच आहे. पण म्हणून सुभानरावाच्या घरची चूल विझवू? हे आज असते तर तुझ्या कानाला धरून बसवलं असतं यांनी. आण रे माधव तो कागद. कुठं सही करायची?"

माधवनं हजेरीचा कागद पुढे केला. काकूंनी चष्मा आणला नव्हता. वहिनींनी बोट ठेवून जागा दाखवली आणि काकूंनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. अर्धा तास अजून व्हायचा होता. कोरम भरला.

शरच्चंद्र पुढे आले, पेन उचललं आणि काकूंच्या खाली आपली सही केली. मग अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. समोरचे कागद उगाच सारखे केले. वहिनींनी त्यांच्यासमोर पाणी ठेवलं.

"सभा सुरू झाली, असं म्हणा," त्या हळूच म्हणाल्या.

"सभा… सभा सुरू झाली." त्यांनी डोळे पुसले. "आणि निरुपमा, आधी काकांचं लिहून घे. आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. मी नसतो बसलो आज, तर काकांना काय तोंड दाखवलं असतं?"

सगळे उभे राहिले. काकूसुद्धा टेबलाचा आधार घेऊन उठल्या. बाहेर रस्त्यावरून कुणाचा तरी गणपती वाजतगाजत निघाला होता. तो पुढे जाईपर्यंत कुणीही बसलं नाही.

मग हिशेब वाचला गेला. जिग्नेशभाईंना पुढच्या खेपेसाठी पुन्हा नेमलं, त्यांच्या त्या सल्ल्यासकट. माधवनं सुचवलं, काकूंनी अनुमोदन दिलं. सगळं रीतसर झालं. वहिनी दारापाशी उभ्या राहूनच लिहून घेत होत्या.

"संपलं?" काकूंनी विचारलं. "मग माझं एक ऐका. माझ्या नावच्या शेअरांतले थोडे हिच्या नावावर करा. निरुपमाच्या. सभा हिनं भरवायची, कंपनी हिनं वाचवायची, आणि बसायला हिला खुर्ची नाही? अण्णाभावजी देवमाणूस होते, पण एवढं त्यांचं चुकलं."

माधवच्या मनात आलं, हे मला का नाही सुचलं इतकी वर्षं? त्यानं दादाकडे बघितलं. दादाही तेच तोंड करून बसला होता.

वहिनींचं पेन थांबलं. त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा हातातल्या कागदाकडे.

"नाही काकू," त्या म्हणाल्या, आणि गालावरून पाणी ओघळत असतानाही आवाज गणिताच्या बाईंचाच होता. "आजच्या विषयपत्रिकेत ते नाही. त्याला वेगळा फॉर्म लागतो, आणि मग बोर्डाची मीटिंग. आज नाही घेता येणार."

माधवला हसू फुटलं. शैलालाही. शरच्चंद्र हसता हसता रडायला लागले. ही बाई आपल्याला मिळालेलं सुद्धा रीत सोडून घेणार नाही! माधवला वाटलं, उठून तिच्या पाया पडावं. पण सुतकात नमस्कार करत नाहीत, म्हणून तो नुसताच उभा राहिला आणि आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

"बरं बाई," काकू म्हणाल्या. "फॉर्म भरून ठेव, सही करून देते. तुझी ती बोर्डाची मीटिंग होऊ दे. मग पुढच्या वर्षी सदस्य म्हणून बस. मी असले तर बघीन."

शरच्चंद्रांनी नाक पुसलं.

"असले तर कसलं, काकू? तुम्हाला असायलाच हवं. तुमच्याशिवाय आमचा कोरम भरत नाही."

आणि काका गेल्यापासून पहिल्यांदाच अहल्याकाकू हसल्या.